शिवीला तलवारीनें उत्तर द्यावें काय?

(मंडळीच्या वर्गासाठीं पाठ. वाचावयाचा भाग: १ शमुवेल, अध्याय २५.)

आठवड्याच्या बाजाराहून एक तरुण सायंकाळीं घरीं परतत आहे असें समजा. वेशीजवळ चारपांच माणसें बसलीं आहेत. त्यांतील एक जण त्याला 'बाटगा' म्हणून हांक मारितो. दुसरा त्याच्या बापजाद्यांची जात काढितो. तिसरा त्याच्या आईविषयीं असें कांहीं बोलतो कीं तें येथें लिहितां येत नाहीं. तरुणाच्या हातांत काठी आहे, अंगांत बळ आहे, आणि आई घरीं चुलीपुढें त्याची वाट पाहात बसली आहे. त्यानें काय करावें?

हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांना केवळ कल्पनेचा नाहीं. असा तरुण उपदेशकाकडे येतो तेव्हां त्याला बहुधा 'क्षमा कर' एवढेंच सांगण्यांत येतें, व तो मान खालीं घालून निघून जातो. परंतु त्याचें समाधान झालेलें नसतें. तो मनांत म्हणतो, 'मला मारिलें असतें तर मीं सोसलें असतें. पण आईवरून बोलला तें कसें सोसूं?' त्याचें हें म्हणणें हंसण्यावारी नेऊं नये. घाव अंगावर बसतो व भरून येतो. शब्द मनांत राहतो. म्हणून आजच्या पाठांत आपण हाच प्रश्न शास्त्रापुढें आणि सरकारच्या कायद्यापुढेंहि ठेवूं: नुसत्या शब्दांनीं झालेल्या अपमानाबद्दल हात उचलणें कधीं योग्य ठरतें काय?

१. भाला सोसला, शब्द सोसवला नाहीं

दाविदाच्या चरित्रांतील हा पंचविसावा अध्याय कोठें येतो हें प्रथम ध्यानांत घ्यावें. त्याच्या मागच्या अध्यायांत एनगेदीच्या गुहेंत शौल राजा दाविदाच्या हातीं सांपडला होता, आणि दाविदानें त्याच्या झग्याचा कांठ कापून घेऊन त्याला जिवंत जाऊं दिलें. पुढच्या अध्यायांत शौल पुन्हां त्याच्या हातीं सांपडतो, आणि पुन्हां दावीद त्याला सोडितो. ह्या शौलानें त्याच्यावर भाला फेंकिला होता व त्याला रानोमाळ हिंडविलें होतें. अशा शत्रूला ज्यानें दोनदां सोडिलें, तोच दावीद मधल्या अध्यायांत एका धनगराच्या उर्मट बोलण्यानें इतका पेटतो कीं त्याच्या घरांतला एकहि पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाहीं अशी तो शपथ वाहतो.

असें कां झालें? नाबाल मावोन येथें राहणारा मोठा सधन मनुष्य होता. त्याचीं तीन हजार मेंढरें व एक हजार शेरडें होतीं. दाविदाच्या लोकांनीं रानांत त्याच्या मेंढपाळांचें रक्षण केलें होतें. कर्मेलांत मेंढरांची लोकर कातरण्याचा सण आला, तेव्हां दाविदानें दहा तरुण पाठवून नम्रपणें कांहीं अन्नसामुग्री मागितली. नाबालानें ती दिली नाहीं, इतकेंच नव्हे, तर हा दावीद कोण, हल्लीं धन्यापासून पळून जाणारे चाकर पुष्कळ झाले आहेत, अशा अर्थाचें तो बोलला.

हें बोलणें नेमकें दुखऱ्या जागीं लागलें. दाविदाभोंवतीं जमलेले लोक कोण होते तें बाविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे: संकटांत पडलेले, कर्जानें गांजलेले, मनानें दुःखी झालेले. त्यांना पळपुटे चाकर म्हणणें म्हणजे त्यांच्या सर्व दुःखाची थट्टा करणें होय. शिवी देणारा बहुधा हेंच करितो. जें आपण स्वतः लपवूं पाहतों, ज्याबद्दल आपल्या वाडवडिलांनीं सोसलें, त्यावरच तो बोट ठेवितो. म्हणून आमच्या माणसाला जातीवरून बोललेला शब्द इतका झोंबतो. दाविदाचा राग आपणांस समजण्यासारखा आहे. परंतु राग कां आला ह्याचें कारण सांपडणें हें एक, आणि हात उचलणें योग्य होतें असें ठरणें हें दुसरें. ह्या दोहोंचा घोटाळा केल्यामुळें कितीएक घरें बुडालीं आहेत.

२. शपथ कोणावर पडली असती

दाविदानें चारशें माणसांना तलवारी बांधावयास लाविल्या व दोनशें सामानापाशीं ठेविले. आतां पाहा कीं शिवी एका नाबालानें दिली, परंतु शपथ त्याच्या घरांतील सर्व पुरुषांवर वाहिली गेली. इकडे नाबालाच्या चाकरांतील एक तरुण धांवत अबीगईलेकडे गेला व म्हणाला कीं हीं माणसें रात्रंदिवस आम्हांला कोटासारखीं होतीं, त्यांनीं आमची कांहीं हानि केली नाहीं, आणि धन्यानें मात्र त्यांचा अपमान केला. ह्या चाकरानें दाविदाच्या बाजूनें खरी साक्ष दिली. दावीद वेळेवर थांबला नसता तर त्याच्या तलवारीखालीं हाच साक्षीदार पडला असता.

शब्दाबद्दल उगारलेला हात बोलणाऱ्यावरच पडून थांबत नाहीं, हा येथील मोठा धडा आहे. गांवांत एकानें एकाला मारिलें तर दुसऱ्या दिवशीं भाऊबंद उभे राहतात, तिसऱ्या दिवशीं वस्तीवर दगड येतात, आणि ज्यांनीं वेशीजवळचे शब्द ऐकलेसुद्धां नाहींत अशा म्हाताऱ्या व मुलें रात्रीं शेतांत लपून बसतात. मंडळी लहान असली म्हणजे तर अशी एक काठी विरोध्यांना हवें असलेलें निमित्तच होऊन बसते. शिवी देणाराचा हेतूहि पुष्कळदां हाच असतो. त्याला आपला राग पाहिजे असतो. कारण आपण मारिलें कीं पहिला अपराध कोणाचा होता हें कोणीच विचारीत नाहीं.

३. अबीगईलेनें काय केलें

अबीगईलेनें घाईनें दोनशें भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार केलेलीं पांच मेंढरें, हुरडा, मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादल्या, व ती स्वतः दाविदाला आडवी गेली. तिचें बोलणें वर्गांत सावकाश वाचावें. तुम्हांला राग येण्यासारखें कांहीं घडलें नाहीं असें ती म्हणत नाहीं. नवऱ्याचा मूर्खपणा ती झांकीत नाहीं. प्रथम अपराध आपल्या माथीं घेऊन ती दाविदाचा मान राखिते, आणि मग त्याची दृष्टि पुढच्या काळाकडे वळविते: परमेश्वर तुम्हांला इस्राएलावर अधिकारी करील तेव्हां विनाकारण रक्त पाडल्याचें व स्वहस्तें सूड घेतल्याचें शल्य तुमच्या मनाला राहूं नये.

तिनें दाविदाला भित्रा म्हटलें नाहीं, तर तो कोण होणार आहे ह्याची त्याला आठवण दिली. तलवारीनें जो मान परत मिळवूं तो सकाळपर्यंतचा. पण त्यामुळें लागलेला डाग जन्मभराचा. दाविदाला हें पटलें. त्यानें देवाचे आभार मानिले, तिचेहि मानिले, आणि चारशें माणसांदेखत वाहिलेली शपथ मोडून तो मागें फिरला. इतक्या लोकांसमक्ष मागें फिरण्यास कर्मेलावर चालून जाण्यापेक्षां अधिक धैर्य लागलें असेल.

आमच्या मंडळ्यांतहि अबीगईलेचें काम करणारीं माणसें पाहिजेत. बाजाराहून संतापून आलेल्या मुलाला 'जा, दाखीव त्यांना' म्हणणारे पुष्कळ मिळतात. त्याचें ऐकून घेऊन, त्याला भाकर वाढून, रात्र जाऊं देणारी एक आई किंवा एक वडील मनुष्य शेजारीं असला तर पुष्कळ रक्त वांचतें.

४. शिवी हें लहान पाप नव्हे

येथें एक चूक टाळावी. मारूं नये असें शिकवितांना शिवी म्हणजे कांहींच नाहीं असें शिकवूं नये. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत भावाला तुच्छतेनें संबोधणाऱ्याला खून करणाऱ्याच्याच प्रकरणांत आणून बसविलें आहे. याकोबानें जिभेला रान पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. म्हणजे ज्याचा अपमान झाला त्याचें कांहीं तरी खरोखर हिरावलें गेलें आहे. त्याला अन्याय झाला असें म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे.

त्याच प्रवचनांत उजव्या गालाविषयीं जें सांगितलें आहे त्याचाहि संबंध ह्याच विषयाशीं आहे. समोरच्या मनुष्याच्या उजव्या गालावर उजव्या हातानें मारावयाचें तर हाताची मागची बाजू मारावी लागते. आणि असा फटका जखम करण्यापेक्षां पाणउतारा करण्यासाठींच असतो, असें शास्त्राचे अनेक अभ्यासक समजावून सांगतात. तेथें प्रभु सांगतो कीं अपमानाचा सूड घेऊं नको. शेजाऱ्याच्या लेकरावर कोणी कुऱ्हाड उगारली असतां बघत उभा राहा, असें तो तेथें सांगत नाहीं.

५. मग गप्पच बसावें काय?

योहानाच्या अठराव्या अध्यायांत प्रमुख याजकापुढें प्रभु उभा असतां एका शिपायानें त्याला चपराक मारिली. प्रभूनें उलट हात केला नाहीं. पण तो गप्पहि बसला नाहीं. माझें बोलणें वाईट असेल तर तें सिद्ध कर, चांगलें असेल तर मला कां मारितोस, असा सरळ प्रश्न त्यानें विचारिला. न मारणें म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणें नव्हे.

पौलाचेंहि उदाहरण घ्यावें. फिलिप्पै येथें त्याला व सीलाला चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत घातलें. दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं त्यांना गुपचुप सोडावयास सांगितलें, तेव्हां पौलानें आपण रोमी नागरिक आहों हें सांगून अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें असा हट्ट धरिला, व त्यांना यावें लागलें. सूड घेणें पाप आहे. कायद्यानें दिलेला हक्क मागणें पाप नाहीं. हा भेद प्रत्येक उपदेशकानें आपल्या लोकांस स्पष्ट करून सांगावा.

६. सरकारचा कायदा काय म्हणतो

ह्या देशाचा फौजदारी कायदा पूर्वीं १८६० च्या दंडसंहितेंत होता, ता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आंकडे बदलले, परंतु आपल्या विषयांतील मूळ तत्त्व तेंच राहिलें.

पहिली गोष्ट, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरावर हल्ला होत असतां बचाव करण्याचा हक्क कायदा देतो. परंतु नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे असें तो स्पष्ट सांगतो. काठी उगारून 'आतां मारितों' असें कोणी म्हटलें तर गोष्ट वेगळी. तेथें शब्दानें त्या कृतीचा अर्थ उघड होतो. शिवाय सरकारी संरक्षण मागण्यास वेळ असेल तेथें बचावाचा हक्क चालत नाहीं.

दुसरी गोष्ट, गंभीर आणि अचानक चिथावणी मिळून मनुष्याचा ताबा सुटला तर कायदा शिक्षा कमी करितो. साध्या दुखापतीबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. तीच दुखापत अशा चिथावणीनें झाली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा कमी झाली, पण माफ झाली नाहीं. अशाच चिथावणीच्या भरांत जीव घेतला तर तो खून न ठरतां सदोष मनुष्यवध ठरूं शकतो. तरी त्यालाहि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

शब्दांनीं अशी चिथावणी होऊं शकते काय, ह्या प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या नानावटी खटल्यांत १९६१ सालीं केला. शब्द व हावभाव हेहि कांहीं परिस्थितींत गंभीर व अचानक चिथावणी ठरूं शकतात असें न्यायालयानें मान्य केलें. परंतु त्या खटल्यांत चिथावणीची गोष्ट कळल्यापासून गोळी झाडीपर्यंत सुमारें तीन तास गेले होते; तेवढ्या वेळांत मन ताब्यावर येऊं शकत होतें, म्हणून आरोपीला ती सवलत मिळाली नाहीं व जन्मठेप कायम झाली. येथें दाविदाची आठवण होते. तलवारी बांधून, माणसें वांटून, कर्मेलाची वाट चालतांना त्यालाहि वेळ होता. तो वेळ त्यानें शपथ वाहण्यांत घालविला, आणि अबीगईल भेटली म्हणून तो वांचला.

तिसरी गोष्ट आमच्या लोकांना फारशी ठाऊक नसते. शांतताभंग व्हावा अशा हेतूनें, किंवा तो होईल हें ठाऊक असून, मुद्दाम अपमान करणें हा स्वतःच गुन्हा आहे. पूर्वींच्या संहितेंत तो कलम ५०४ खालीं होता, आतां कलम ३५२ खालीं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस तक्रार नोंदवून घेतात, परंतु तपास करण्यास न्यायदंडाधिकाऱ्याची आज्ञा लागते. म्हणून साक्षीदारांचीं नांवें, दिवस, वेळ व बोललेले शब्द लगेच लिहून ठेवावे. हल्लीं शिवी मोबाइलवरूनहि येते. ती पुसून टाकूं नये, व रागाच्या भरांत तशाच शब्दांनीं उत्तरहि लिहूं नये. आपण उलट मारिलें कीं फिर्यादीचे आपण आरोपी होतों, हें विसरूं नये.

७. महाडची गोष्ट

शांतपणानें हक्क मागण्याचें एक मोठें उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावे असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं केला होता. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर हे लोक आतां देवळांत शिरणार अशी खोटी अफवा उठली, आणि जमावानें त्यांच्यावर लाठ्या चालविल्या. पुष्कळ जखमी झाले. त्यांच्या बाजूचे लोकहि संख्येनें थोडे नव्हते, आणि त्यांत सैन्यांत नोकरी केलेले होते. तरी डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस उलट हात करूं दिला नाहीं. हल्लेखोरांवर खटला झाला व त्यांतील कांहींना शिक्षा झाली. आणि तळ्याच्या हक्काचा दिवाणी वाद दहा वर्षें चालून १९३७ च्या मार्चांत मुंबई उच्च न्यायालयांत त्यांच्या बाजूनें निकालांत निघाला. पिढ्यानपिढ्या ज्यांनीं शब्दांचे व काठ्यांचे दोन्ही मार खाल्ले त्यांनीं त्या दिवशीं हात आवरला, म्हणून त्यांचा प्रश्न दंग्यांत बुडाला नाहीं. दहा वर्षें हा काळ लांब आहे खरा, पण मिळालेला निकाल कोणाला पुसतां आला नाहीं.

८. मनांत उरलेला राग

शेवटीं दाविदाच्या उतारवयांतील एक गोष्ट. अबशालोमाच्या बंडांत दावीद पळत असतां शिमी नांवाच्या मनुष्यानें त्याला शाप दिले व धोंडे मारिले. अबीशय म्हणाला, ह्याचें डोकें उडवितों. दाविदानें त्याला अडविलें. आणि राज्य परत मिळाल्यावर शिमी शरण आला तेव्हां त्याला जीवदान दिलें. कर्मेलाच्या वाटेवरचा धडा तो शिकला होता. तथापि मरतेवेळीं त्यानें शलमोनाला शिमीची आठवण देऊन त्याला सोडूं नको असें सांगितलें, हेंहि शास्त्रानें लपविलें नाहीं. त्याचा हात थांबला होता, पण मन थांबलें नव्हतें. म्हणून ज्यानें काठी खालीं ठेविली त्याला इतकें सांगावें कीं, बाळा, निम्मी वाट झाली. उरलेली वाट तो एकटा चालूं शकणार नाहीं. मंडळीनें त्याच्याबरोबर चालावें, त्याच्या आईच्या घरीं जाऊन बसावें, व गरज पडल्यास ठाण्यापर्यंतहि जावें.

तर आपल्या प्रश्नाचें उत्तर काय? शब्दानें राग येणें समजण्यासारखें आहे, शब्द हा खरा अपराध आहे, त्याची दाद मागणें रास्त आहे. पण केवळ शब्दाबद्दल रक्त काढणें योग्य नाहीं. शास्त्राप्रमाणें तें पाप आहे आणि कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. वेशीजवळच्या त्या तरुणानें काठी घट्ट धरावी, पण चालत राहावें. उद्यां सकाळीं त्याच्याजवळ सांगण्यास सत्य असेल, व त्याचे हात स्वच्छ असतील.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. शौलाचा भाला सोसणाऱ्या दाविदाला नाबालाचे शब्द कां सोसवले नाहींत?
२. दावीद थांबला नसता तर कोणकोणते निरपराधी मेले असते?
३. अबीगईलेनें दाविदाचा राग खोटा ठरविला काय? तिनें त्याला कशाची आठवण दिली?
४. प्रभूला चपराक बसली तेव्हां तो काय बोलला? त्यावरून गप्प बसणें व सूड घेणें ह्यांशिवाय तिसरा मार्ग कोणता दिसतो?
५. आपल्या मंडळींतील कोणाचा असा अपमान झाल्यास त्या रात्रीं त्याच्या घरीं कोणीं जावें, हें आजच ठरवून ठेवा.